डायव्ह वॉच घालून गरम पाण्याने अंघोळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायव्ह वॉच म्हणजे खोल पाण्यात डुबकी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं घड्याळ. ते विकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात उतरतात. बाकीच्यांच्या घड्याळाला भेटणारं पाणी म्हणजे पाऊस, वॉशबेसिनचा नळ आणि सकाळची अंघोळ. पाऊस आणि बेसिनची काळजी कोणी करत नाही, करायचं कारणही नाही. अंघोळीबद्दल मात्र दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, २०० मीटरचं घड्याळ आहे, बिनधास्त घाल. दुसरा म्हणतो, वाफेचा एक झोत आणि घड्याळ गेलं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

आधी एका वाक्यात सांगा, चालतं की नाही?

घड्याळ खरोखरचं डायव्ह वॉच असेल, चावी (तीनच्या आकड्यापाशी असलेलं बोंड) घट्ट पिळलेली असेल आणि आतली पाणी अडवणारी रबरं गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी जाणकाराने पाहिलेली असतील, तर कोमट पाण्याच्या शॉवरने त्याला काहीही होत नाही. एखाद्या दिवशी विसरून कडकडीत पाण्यातही घातलं गेलं तर घाबरू नका. पण दार बंद करून कोंडलेली वाफ, अंगाला चटका बसेल असं पाणी, वर शॅम्पूचा फेस आणि हे सगळं रोज, तर माझं उत्तर नाही असं आहे. काढून ठेवायला दोन सेकंद लागतात.

डायलवर २०० मीटर लिहिलंय. शॉवरचा दाब त्यापुढे किती असणार?

अगदी किरकोळ. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दाब साधारण १ बारने (बार हे दाब मोजायचं एकक) वाढतो. म्हणजे २०० मीटरला २० बार. आता आपल्या इमारतीचा हिशोब करा. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून २० मीटर उंच असेल तर पाइपात २ बार दाब असतो, आणि तोही पाइपातच. शॉवरच्या भोकातून पाणी बाहेर पडलं की दाब संपतो, उरतो तो धारेचा वेग. धार सेकंदाला १० मीटर वेगाने घड्याळावर आपटली असं धरलं, आणि घरचा शॉवर सहसा त्याहून मवाळच असतो, तरी तिचा मार अर्धा बारच भरतो.

हात जोरात हलवला की दाब कित्येक पटींनी वाढतो आणि म्हणून ५० मीटरच्या घड्याळात पोहता येत नाही, असंही सांगितलं जातं. वरचाच हिशोब हाताच्या वेगाला लावून पाहा, त्या बोलण्यातली हवा निघून जाते.

याला एक अपवाद आहे आणि तो बाथरूमच्या बाहेरचा. गाडी धुवायच्या प्रेशर वॉशरचा दाब १०० बार आणि त्याहून जास्त असतो. तो हातात असताना मनगटावर कुठलंही घड्याळ नको.

मग बिघडतं तरी काय?

रबर. घड्याळात पाणी जाण्याच्या वाटा मोजक्या असतात: मागचं झाकण, काचेची कड, चावी आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय) असेल तर त्याची बटणं. या प्रत्येक वाटेवर एक बारीक गॅस्केट असते. घड्याळवाले तिला नुसतं ‘रबर’ किंवा ‘वॉशर’ म्हणतात. मागच्या झाकणाखालची रिंग हातात घेऊन पाहिली तर शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी दिसते. झाकण आवळलं की ती दोन पोलादी पृष्ठभागांमध्ये चेपली जाते, आणि परत फुगून यायचा तिचा जो आग्रह असतो त्यावरच सगळं वॉटरप्रूफपण उभं असतं.

कुकरची रिंग नवी असताना कशी गच्च बसते, आणि जुनी झाली, कडक झाली की कडेने कशी फसफसायला लागते, तोच हा प्रकार. वर्षानुवर्षं चेपलेलं रबर हळूहळू चेपल्या आकारातच राहायला शिकतं. मग ते परत फुगत नाही. जुन्या घड्याळातून निघालेली रिंग गोल दोऱ्यासारखी राहिलेली नसते, पट्टीसारखी सपाट झालेली असते. काही वेळा ती काढताना तुकडे पडतात, काही वेळा काळ्या डांबरासारखी बोटाला चिकटते.

यात गरम पाणी काय करतं ते पाहा. तापमान १५ अंशांनी वाढलं तर ३० मिलिमीटर रुंदीचा पोलादी घेर साधारण सात हजारांश मिलिमीटर पसरतो, तेवढीच रुंद सफायर काच तीन हजारांश. फरक इतका सूक्ष्म की ताज्या रबराला तो जाणवतही नाही, कारण ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या हिशोबात चेपलेलं असतं आणि लगेच भरून काढतं. कडक झालेलं रबर मात्र भरून काढत नाही. तिथे फट राहते. पाण्याच्या वाफेचा रेणू त्या फटीच्या हजारो पटींनी लहान असतो.

म्हणून माझ्या लेखी डायलवरच्या आकड्यापेक्षा रबराचं वय महत्त्वाचं. दहा वर्षं न उघडलेल्या ३०० मीटरच्या घड्याळापेक्षा गेल्या वर्षी रबरं बदललेलं १०० मीटरचं घड्याळ मी शॉवरखाली जास्त विश्वासाने नेईन.

पण अंगाला सोसेल एवढंच तर पाणी गरम असतं. तेवढ्याने रबर खराब होतं?

तेवढ्याने लगेच खराब होत नाही, हे मान्य. घड्याळांत सर्रास वापरलं जाणारं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं, व्हायटन हे दुसरं रबर २०० अंशांपर्यंत. गिझरमध्ये पाणी ६० अंशांचं असलं तरी अंगावर घेताना आपण गार पाणी मिसळतो. ४० ते ४२ अंशांचं पाणी चांगलंच गरम वाटतं, ४५ ला माणूस ओरडतो. म्हणजे घड्याळाच्या आधी कातडीच तक्रार करते.

प्रश्न एका अंघोळीचा नसून रोज सकाळच्या येरझाऱ्यांचा आहे. एसीत २४ अंश, मग ४२ अंश, मग ओल्या मनगटाने पंख्याखाली, मग परत एसी. वर्षाला साडेतीनशे वेळा. उष्णतेत रबर लवकर म्हातारं होतं आणि त्यातून वाफही जास्त वेगाने झिरपते. रबर पूर्ण हवाबंद कधीच नसतं, चांगल्यातलं चांगलं रबरही अतिशय मंद गतीने का होईना वाफ आत येऊ देतं.

डायव्ह वॉचची गरम-गार पाण्याची चाचणी होतेच ना?

होते, आणि ती चांगली कडक असते. डायव्ह वॉचसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं आयएसओ ६४२५ हे मानक आहे. पहिल्यांदा १९८२ मध्ये आलं, १९९६ आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. त्यात घड्याळ किमान १०० मीटरचं असावं लागतं आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाला तपासलं जातं. म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५ बार. एका प्रयोगात घड्याळ ४० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, मग ५ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, मग परत ४० अंशांत १० मिनिटं बुडवतात आणि एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायला एक मिनिटाहून जास्त वेळ घ्यायचा नाही असा नियम आहे. आपल्या अंघोळीत ३५ अंशांची अशी उडी कोणी मारत नाही.

मग भांडण कुठे उरलं? दोन ठिकाणी. ही चाचणी कोऱ्या घड्याळाची, ताज्या रबरांची असते. आणि तिच्यातल्या पाण्यात साबण नसतो.

शिवाय ‘डायव्हर’सारखं दिसणारं प्रत्येक घड्याळ या मानकाचं नसतं. फिरती बेझेल (काचेभोवतीची दातेरी कडी) आणि जाड काटे कोणीही बसवू शकतो. डायलवर किंवा मागच्या झाकणावर ‘डायव्हर्स’ या शब्दासोबत मीटरचा आकडा आहे का बघा. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेल्या साध्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे वेगळं, सौम्य मानक आहे. ३० मीटर लिहिलेल्या फॅशन घड्याळाने अंघोळीला जाऊ नये, गरमही नाही आणि गारही नाही.

गंमत म्हणजे वॉटरप्रूफ घड्याळाची सगळ्यात गाजलेली परीक्षा थंड पाण्यातली आहे. रोलेक्सने १९२६ मध्ये ऑयस्टर केस (केस म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी) आणली आणि १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. गारठ्यामुळे दहा-एक तासांनी तिला पाण्यातून बाहेर काढावं लागलं, घड्याळ चालूच होतं. पुढे १९५३ मध्ये ब्लांपँची फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सची सबमरिनर, १९६५ मध्ये सायकोचं पहिलं डायव्ह वॉच. हा सगळा वंश दाब आणि खारं पाणी यांच्यासाठी वाढवलेला आहे.

आतली हवा गरम होऊन फुगते आणि थंड झाली की पाणी आत ओढते म्हणतात. खरं?

तत्त्व खरं, आकडा नगण्य. २७ अंशांवरून ४२ अंशांवर गेलं की आतल्या हवेचा दाब ५ टक्के वाढतो, म्हणजे ०.०५ बार. अर्धा मीटर पाण्याएवढा. धड असलेल्या रबराला हे कळणारही नाही. ज्याच्यात आधीच फट आहे त्या घड्याळाच्या बाबतीत मात्र गरम शॉवरनंतर लगेच गार पाण्याचा तांब्या ओतणं म्हणजे फटीबाहेरचं पाणी आत खेचायला मदत करणं.

अंघोळीनंतर काचेच्या आत धुकं दिसलं. पाणी शिरलं का?

धुकं किती वेळ राहतं, कुठे दिसतं आणि घड्याळ शेवटचं कधी उघडलं होतं, यावर उत्तर ठरतं.

एक शक्यता लोक लक्षात घेत नाहीत. समजा जुलैमध्ये मुंबईत रस्त्यालगतच्या दुकानात बॅटरी बदलली. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. झाकण लावताना तीच दमट हवा आत बंद झाली. अशा हवेत घनमीटरला साधारण २६ ग्रॅम वाफ असते. २२ अंशांच्या खोलीत हवा जेमतेम १९ ग्रॅम धरू शकते, उरलेली कुठेतरी बसणारच, आणि ती काचेच्या सगळ्यात गार भागावर बसते. रबरं उत्तम असूनही एसीत शिरल्यावर पुसट धुकं येऊ शकतं. घड्याळ उघडायचं तर ते एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत, आणि जमल्यास पावसाळा टाळून, एवढी साधी काळजी घेतली तरी हा प्रकार होत नाही.

दुसरी शक्यता खऱ्या गळतीची. घड्याळातली रिकामी जागा असते एक-दोन घनसेंटिमीटर. ४० अंशांची पूर्ण दमट हवा एका घनसेंटिमीटरमध्ये धरते फक्त ५० मायक्रोग्रॅम पाणी. नळाचा एक थेंब याच्या हजारपट जड असतो. म्हणजे काचेवर जर दिसणारे थेंब असतील, धुकं तासन्‌तास हटत नसेल, किंवा प्रत्येक अंघोळीनंतर परत येत असेल, तर ते बंद हवेतल्या वाफेचं काम नव्हे. पाणी बाहेरून आलंय.

घरी एक तपासणी करता येते, आयएसओतल्या चाचणीवरूनच सुचलेली. तिथे घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तापलेल्या पट्टीवर ठेवतात, गरम झालं की काचेवर साध्या पाण्याचा थेंब सोडतात, मिनिटभराने पुसतात आणि आत धुकं धरलंय का बघतात. घरी घड्याळ मनगटावर चांगलं गरम झाल्यावर काढा, काचेच्या मध्यावर फ्रीजमधल्या पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटाने पुसा आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा. थेंबाच्या जागी ठळक पांढरा डाग दिसला आणि तो रेंगाळला तर घड्याळ पाण्यापासून लांब ठेवा आणि दाखवून या. काही दिसलं नाही म्हणजे सगळं आलबेल असा दाखला मात्र मिळत नाही, आत्ता आत फारसा ओलावा नाही एवढंच कळतं.

साबणाने काय होणार? तो तर स्वच्छ करतो.

मला विचाराल तर गरम पाण्यापेक्षा साबणाचा त्रास मोठा. पाण्याचा थेंब स्वतःला गोल धरून ठेवतो, बारीक फटीत शिरायला कां-कूं करतो. साबण हा पृष्ठताण निम्म्याहून कमी करतो, मग तेच पाणी चावीच्या नळीत, बेझेलखाली, चेनच्या प्रत्येक कडीत पाझरतं. वर ते वाळताना मागे पांढरा चिकट थर सोडतं. रबरावर लावलेलं सिलिकॉन ग्रीस हळूहळू धुतलं जातं आणि कोरडं रबर चावी फिरवताना घासून झिजतं.

बोअरचं पाणी असलेल्या भागात यात क्षारांची भर. बेझेल आधी खरखरते, मग अडकते, मग एके दिवशी फिरतच नाही. बेझेल काढली तर खाली साबण, क्षार आणि कातडीचा मळ यांची राखाडी पेस्ट वर्तुळात बसलेली दिसते. चेनच्या कड्यांमध्येही तीच.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा वेगळा उल्लेख करायला हवा. तेल आणि वर उटणं, या जोडीइतकं बेझेलच्या दातांमध्ये घट्ट बसणारं दुसरं काही नाही. नरकचतुर्दशीला पहाटे घड्याळाची गरजही नसते, उठवायला घरातली मंडळी समर्थ असतात.

चावी पिळलेली असली की झालं ना?

बरंचसं झालं. डायव्ह वॉचची चावी बहुतेकदा स्क्रूसारखी पिळून बंद होते. ती सुटी राहिली तर २०० मीटरचा आकडा तिथेच संपला. रात्री तारीख बदलली, चावी दाबली पण पिळायची राहिली, सकाळी थेट शॉवरखाली: पाणी शिरण्याची ही सगळ्यात साधी वाट आहे आणि हिच्यात गरम-गारचा संबंधच नाही. उलट, चावी पान्याने आवळल्यासारखी आवळायचीही गरज नसते. बोटांनी टेकेपर्यंत पिळा, तिथे थांबा. जास्त जोर लावलात तर तिचं रबर लवकर चेपतं आणि आटे झिजतात.

क्रोनोग्राफची बटणं ओल्या हातांनी दाबू नका.

हीलियम व्हॉल्व्ह असलेल्या घड्याळांचे मालक विचारतात की त्यातून वाफ शिरेल का. तो व्हॉल्व्ह आतला वायू बाहेर सोडण्यासाठी असतो, दिवसेंदिवस दाबाखाली कोठडीत राहणाऱ्या डायव्हर्ससाठी. रोलेक्सच्या १९६७ च्या सी-ड्वेलर घड्याळापासून तो ओळखीचा झाला. काही ओमेगा सीमास्टर घड्याळांत दहाच्या आकड्यापाशी तो हाताने उघडायचा असतो, तो बंद ठेवा. बाकी विचार करायचं कारण नाही.

कंपन्या काय सांगतात?

सायकोच्या माहितीपुस्तिकांमध्ये अंघोळीत आणि सौनामध्ये (घाम काढण्यासाठी तापवलेली खोली) घड्याळ घालू नये असं सरळ लिहिलेलं सापडतं, वाफ आणि साबण ही कारणं देऊन. कॅसिओही सौनासारखी गरम-दमट जागा आणि साबण-शॅम्पूपासून लांब ठेवायला सांगतं, जी-शॉक २०० मीटरचं असलं तरी. ॲपलची भूमिका थोडी वेगळी: पाण्याला तोंड देणाऱ्या ॲपल वॉचेस शॉवरमध्ये चालतात, पण साबण, शॅम्पू, लोशन, परफ्यूम लागू देऊ नका, आणि पाण्याविरुद्धचं संरक्षण कायमचं नसतं, काळाबरोबर कमी होतं, असं ती कंपनी स्वतःच सांगते.

यात कंपनीचा बचावही असतो, हे खरं. वॉरंटीचा दावा नाकारायला एक ओळ हवी असते. पण ती ओळ पुस्तिकेत आहे म्हणजे उद्या धुकं आलं तर काउंटरवर तीच तुमच्यासमोर धरली जाणार, हाही व्यवहार आहेच.

सौना, स्टीम रूम, गरम पाण्याची कुंडं?

सौना अजिबात नको. तिथली हवा ८० ते १०० अंशांची असते. कोरड्या हवेत माणूस घामाच्या जोरावर तग धरतो, पोलादाला घाम येत नाही. घड्याळ तापतं, हाताला चटका बसतो, मशीनमधलं तेल पातळ होतं, क्वार्ट्झ असेल तर बॅटरीला त्रास. स्टीम रूममध्ये तापमान कमी पण हवा वाफेने गच्च, रबरासाठी ते शॉवरपेक्षा वाईटच.

वज्रेश्वरी-गणेशपुरी, राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, इथल्या कुंडांमध्ये उतरताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा पाण्याला गंधकाचा वास येतो तेव्हा चांदी आणि कांस्य काळवंडतं. हल्ली कांस्याच्या केसची डायव्ह वॉचेस मिळतात, त्यांच्यावर चढणारा जुनाट रंग लोकांना आवडतो. तो हवाच असेल तर सावकाश चढू द्या, कुंडातला ठिपक्याठिपक्यांचा येतो.

तारकर्लीला डायव्हिंग करून आलो. लगेच हॉटेलवर गरम शॉवर घेतला तर?

खारं पाणी धुऊन काढायचंच आहे, पण साध्या पाण्याने. मालवण-तारकर्ली असो की गोव्यातलं ग्रँड आयलंड, अरबी समुद्राचं पाणी मोसमात साधारण २६ ते ३० अंशांचं असतं, म्हणजे समुद्रातून शॉवरखाली जाताना तापमानाची मोठी उडी नसते. मोठी उडी होडीवर होते. दुपारच्या उन्हात घड्याळ काढून फळीवर ठेवलं की पोलाद भराभर तापतं, हात लावता येत नाही इतकं, आणि मग तेच घालून माणूस पाण्यात उडी मारतो. शॉवरला घाबरणारे लोक हे बिनदिक्कत करतात. पाण्यात उतरायच्या आधी घड्याळ मनगटावरच राहू द्या, सावलीत.

वर आल्यावर नळाखाली मिनिट-दोन मिनिटं धरा, बेझेल एक-दोन वेळा पूर्ण फिरवा, चावी पिळलेलीच असू द्या. मीठ वाळून बसलं की ते साबणाच्या थराहून कडक होतं.

वडिलांचं जुनं डायव्ह वॉच आहे, सत्तरच्या दशकातलं. ते?

नाही. त्यावर काहीही लिहिलेलं असू दे. अशा बऱ्याच घड्याळांची काच ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असते आणि ॲक्रिलिक तापल्यावर पोलादाच्या साधारण चौपट पसरतं. केसच्या आत, रबर बसतं त्या खाचेत, गंजाचे खड्डे पडलेले असतात. तिथे नवं रबर टाकूनही सीलबंद होत नाही. पावसात सुद्धा ते घरी ठेवा.

तपासून घ्यायचं म्हणजे नक्की काय करायला सांगायचं?

‘प्रेशर टेस्ट करून द्या’ असं म्हणा. ज्याच्याकडे यंत्र असतं त्याला लगेच कळतं, ज्याच्याकडे नसतं तो म्हणतो ‘काही होत नाही, घाला’. बहुतेक ठिकाणी आता कोरडी चाचणी करतात: घड्याळ बंद डबीत ठेवून हवेचा दाब वाढवतात किंवा कमी करतात आणि केस किंचित दबते का, दबून तशीच राहते का, ते सुई मोजते. केस धड असेल तर दाबाने चेपते आणि चेपलेली राहते. हवा आत शिरत असेल तर हळूहळू परत पूर्ववत होते. पाण्याचा थेंबही लागत नाही, त्यामुळे नापास झालं तरी नुकसान नाही.

पाण्यात नेणार असाल तर वर्षातून एकदा आणि प्रत्येक वेळी झाकण उघडल्यानंतर ही चाचणी करावी. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. बॅटरी बदलताना रबर खाचेतून जरासं सरकलं, झाकणाच्या कडेत चिमटलं, आणि झाकण लागलं असं वाटलं, की पुढच्या अंघोळीला पाणी आत. बॅटरी बदलणाऱ्याशेजारी उभे राहा आणि रिंग ग्रीस लावून परत बसवली का ते बघा. त्याला राग आला तर येऊ दे.

पाणी शिरलंच. तांदळाच्या डब्यात ठेवू का?

तांदळाने घड्याळ वाळत नाही, तांदळाचा भुगा मात्र चावीत जातो. हेअर ड्रायर नको, उन्हात नको: तापवलं की काचेवरचं पाणी वाफ होऊन मशीनमध्ये पसरतं. क्वार्ट्झ असो की ऑटोमॅटिक, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाल्याकडे जाऊन मागचं झाकण उघडून घ्या. गोडं पाणी असेल तर आत वाळवून, तेल घालून बरंच वाचतं. समुद्राचं असेल तर तासांचा हिशोब सुरू होतो. बारीक स्क्रू आणि स्प्रिंगांवर गंजाचे तांबडे ठिपके लवकर येतात, आणि ते एकदा आले की सुटे भाग बदलण्याची बोलणी करावी लागतात.

गरम पाण्याने वेळ मागे-पुढे होते का?

दहा मिनिटांत लक्षात येण्याजोगी नाही. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेच्या क्रोनोमीटर चाचणीत, म्हणजे अचूकतेच्या परीक्षेत, घड्याळ ८, २३ आणि ३८ अंशांत तपासलंच जातं.

मग घड्याळ धुवायचं कधी आणि कसं?

आठवड्यातून एकदा, बेसिनपाशी. चावी पिळली आहे का बघा, कोमट पाणी घ्या, फारच मळलं असेल तर सौम्य साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रशने चेनच्या कड्या, झाकणाची कड, बेझेलचे दात घासा. मग भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि सुती फडक्याने टिपा. शॉवरखाली अंगाबरोबर ‘आपोआप’ धुतलं जातं असा समज असतो, प्रत्यक्षात तिथे साबण जातो पण निघत नाही. मनगटावर पट्ट्याखाली खाज किंवा लाल चट्टा येणाऱ्यांनी आधी हे थांबवून बघावं. चामड्याचा पट्टा असेल तर पाण्याचा प्रश्नच येत नाही, तो दोन-चार अंघोळीत वास मारायला लागतो.

बाथरूममधल्या शेल्फवर काढून ठेवलं तर चालेल?

वाफ तिथेही तीच असते, फक्त धार नसते. डायव्ह वॉचला त्याने फरक पडत नाही, साध्या घड्याळाला पडतो. खरी भीती वेगळी: ओले हात, गुळगुळीत टाइलची कड आणि खाली टणक फरशी. सफायर काच ओरखड्यांना दाद देत नाही पण कडेवर पडली तर तडकते. बाहेर, पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवा.